लिस्बनमधला मोकळा दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

श्रोतेहो, युरोपच्या सहलीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या असतील. बारा दिवसांत सात देश, रोज पहाटे पाचला बॅगा दाराबाहेर, बसमध्ये पुरी-भाजी आणि फोटोतला मनोरा नेमका कोणत्या गावातला यावर घरी आल्यावर वाद. मी आज सांगणार आहे ती गोष्ट एका गावाची आणि एकाच दिवसाची आहे. गाव आहे लिस्बन, पोर्तुगालची राजधानी.

काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने तिथे जाणे झाले. परिषद संपली आणि परतीच्या विमानाला एक दिवस उरला. बरोबरची मंडळी बसने आसपासचे राजवाडे पाहायला निघाली. मी गुडघ्याचे निमित्त सांगून मागे राहिलो. गुडघ्याला काहीही झालेले नव्हते, आणि त्या दिवशी मी जेवढा चाललो तेवढा आधीच्या दहा वर्षांत चाललो नसेन. पण एकटे हिंडायला मिळावे म्हणून एवढे खोटे चालते, असे माझे मत आहे. चारचौघांबरोबर असलो की ठरलेले पाहून होते. एकटे असलो की थांबता येते, आणि जिथे आपण उगाच थांबतो तिथेच काहीतरी हाती लागते.

माझी हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. 'वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला' हे वाक्य मी किती वर्गांत म्हटले असेल याची गणती नाही. तो आला कुठून, हे मात्र कधी सांगितले नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही माणसे समुद्रातून उगवतात, बंदर घेतात, किल्ला बांधतात, आणि धडा संपतो. ज्या घरातून ती निघाली ते घर कसे होते, त्या घरावर पुढे काय गुदरले, हे मलाही कुणी शिकवलेले नव्हते. म्हणून त्या दिवशी मनाशी ठरवले, की ते घर एकदा पायी पाहायचे.

सकाळी आठच्या सुमारास बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याउभ्याच कॉफी घ्यायची पद्धत आहे. बोळक्याएवढ्या कपात कडक काळी कॉफी येते, तिला लिस्बनकर 'बीका' म्हणतात. गल्ल्यामागच्या बाईंनी काहीतरी विचारले. त्यात एकच शब्द कळला, 'पांव'. मी दचकलोच. पाव, बटाटा, कोबी, चावी, फीत, बांधकामावरचे घमेले, हे सगळे या लोकांच्या बोलीतून आपल्याकडे आले, हे पुस्तकात वाचले होते. पण सुमारे आठ हजार किलोमीटरवर एखादी अनोळखी बाई आपल्याच स्वयंपाकघरातला शब्द उच्चारते, तेव्हा ते वाचलेले खरे वाटते. मी म्हटले, "पाव." त्यांना कळले. दिवसाची सुरुवात चांगली झाली.

तिथून उतरत उतरत नदीकाठी आलो. नदीचे नाव तेजो. ती इथे एवढी रुंद आहे की खाडीच वाटावी. काठावर तिन्ही बाजूंनी पिवळ्या कमानींच्या इमारती आणि मध्ये भलेमोठे मोकळे पटांगण आहे. नकाशावर त्याचे नाव 'व्यापार चौक' या अर्थाचे आहे. पण गावातली माणसे त्याला 'तेरैरो दो पासो' म्हणतात, म्हणजे राजवाड्याचे पटांगण. नाव बदलून अडीचशेच्या वर वर्षे झाली, तरी जुने नाव सुटत नाही. आपण नाही का अजून व्ही. टी. म्हणत! गंमत अशी की राजवाडा कुठेच दिसत नाही. पटांगणाच्या मधोमध घोड्यावर बसलेला राजा आहे, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, पायऱ्यांशी दोन दगडी खांब उभे आहेत. वाडा तेवढा नाही.

मी त्या पायऱ्यांवर बसलो. तासभर तरी बसलो असेन. कारण या न दिसणाऱ्या वाड्यापासूनच लिस्बनची गोष्ट सुरू करावी लागते.

१ नोव्हेंबर १७५५, शनिवार. ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण. सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. गावातली सगळी चर्चे माणसांनी भरलेली आणि प्रत्येक वेदीवर मेणबत्त्या तेवत होत्या. अशा वेळी जमीन हलली. एकदा नव्हे, थोड्याथोड्या अंतराने तीनदा, आणि सगळे मिळून कित्येक मिनिटे. दगडी घुमट भक्तांच्या डोक्यावर कोसळले. जे वाचले ते मोकळ्या जागेकडे धावले. गावात सगळ्यात मोकळी जागा कोणती, तर हा नदीकाठ. इथे धक्के थांबायची वाट पाहत लोक उभे राहिले, आणि नदीचे पाणी मागे हटताना त्यांनी पाहिले. तळातली जुनी बुडालेली जहाजे उघडी पडली म्हणतात. मग ते पाणी परत आले. आज आपण त्याला त्सुनामी म्हणतो. २००४ च्या डिसेंबरनंतर हा शब्द आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक झाला, पण तेव्हाच्या लिस्बनकरांजवळ त्याला शब्दच नव्हता. पाण्यातून जे सुटले ते वर गावात पळाले, तर तिथे मेणबत्त्यांची आणि चुलींची आग पसरलेली होती. ती पाच-सहा दिवस जळत राहिली.

गावाची वस्ती दोन लाखांच्या आसपास होती. माणसे किती दगावली याचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत आहेत. अंदाजात एवढी तफावत का, याचेही उत्तर त्या आगीतच आहे. माणसे जळाली तशा माणसांच्या नोंदीही जळाल्या. राजवाडा गेला. त्यातले हजारो ग्रंथ गेले. त्याच वर्षी थाटामाटाने उघडलेले संगीत नाटकगृह गेले. राजा दों जुझे मात्र वाचला, कारण सणाची सकाळची प्रार्थना आटोपून तो कुटुंबासह गावाबाहेर बेलेमला गेला होता. या राजाने पुढे दगडी छपराखाली झोपायचे म्हणून नाव घेतले नाही. आजुदाच्या टेकडीवर लाकूड आणि कापडाचा वाडा उठवला आणि १७७७ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला. लोक त्या वाड्याला 'राजाची झोपडी' म्हणत. आणि इकडे पटांगणात घोड्यावर बसलेला, ताठ मानेचा राजा आहे तो हाच! पुतळा १७७५ मध्ये उभारला. पुतळ्यांवर फार विश्वास ठेवू नये म्हणतात ते अशासाठी.

या राजवाड्याला लागूनच एक कचेरी होती, 'कासा द इंदिया', म्हणजे हिंदुस्थानचे घर. पूर्वेकडच्या व्यापाराचा सगळा कारभार तिथून चाले. कोणते जहाज कधी निघाले, त्यावर कोण होते, परत येताना किती मिरी, किती दालचिनी आणली, हे तिथल्या वह्यांत होते. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ च्या मे महिन्यात. भूकंपाच्या अवघी सोळा वर्षे आधी. उत्तरेकडचा एवढा मोठा मुलूख हातचा गेल्याच्या बातम्या, हिशेब आणि एकमेकांवर ढकललेले दोष या नदीकाठच्या कचेऱ्यांत येऊन पडले असणार. मी बसलो होतो तिथून शंभरेक पावलांवर! ती कचेरी वह्यांसकट गेली.

पण सगळे दप्तर गेले नाही, आणि त्याचे श्रेय एका म्हाताऱ्या माणसाला आहे. राज्याचे जुने दप्तर वरच्या किल्ल्यातल्या एका बुरुजात असे. त्याला 'तोरे दो तोंबो', म्हणजे दप्तराचा बुरूज म्हणत. भूकंपात तो बुरूज ढासळला. दप्तराचे मुख्य होते मानुएल दा माया. वय वर्षे ७८. हे गृहस्थ मुळात लष्करी इंजिनिअर. गावाला पाणी आणणारा जो उंच कमानींचा कालवा भूकंपातही उभा राहिला, त्याच्या कामात त्यांचा हात होता. त्यांनी पडलेल्या दगडांतून कागद उपसून काढायला लावले आणि ते ठेवायला किल्ल्यातच लाकडी खोपटे उभारले. पुढे ते एका मठात नेले. नाव मात्र 'बुरूज' हेच राहिले. १९९० पासून हे दप्तरखाने नव्या काँक्रीटच्या इमारतीत आहे, तरी ते 'तोरे दो तोंबो'च.

आपल्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे. गोव्याचे आणि लिस्बनचे पत्रव्यवहार वर्षातून एकदा, वाऱ्याच्या हंगामात जहाजे निघत त्यांच्याबरोबर होत. त्या पत्रांच्या बांधीव वह्यांना 'मोन्सोंइश'च्या वह्या म्हणतात. हा शब्द मूळ अरबी 'मौसिम'वरून आला. तोच आपला मोसम, आणि इंग्रजांचा मान्सूनही तोच. राजाकडून आलेली मूळ पत्रे आणि इकडून गेलेल्या उत्तरांच्या नकला गोव्यात राहत. म्हणून लिस्बनच्या कचेऱ्यांत जे जळाले त्यातले पुष्कळसे पणजीत शिल्लक राहिले. पांडुरंग पिसुर्लेकर आयुष्यभर त्या कागदांत बसले आणि शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पेशवे यांच्याबद्दल पोर्तुगीज आपसात काय लिहीत होते ते त्यांनी आपल्याला वाचून दाखवले. त्यांचे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हे पुस्तक मी वर्गात कितीदा तरी घेऊन जात असे. त्या पुस्तकामागे एक भूकंपही आहे, हे मला त्या पायऱ्यांवर बसल्यावर लक्षात आले. तोवर ऊन चढले होते. उठलो.

पटांगणातून एका उंच कमानीखालून आत शिरले की सरळ, रुळासारख्या आखलेल्या गल्ल्या लागतात. या भागाला 'बायशा' म्हणतात, म्हणजे खालचा भाग. जुन्या युरोपी गावात अशा सरळ गल्ल्या असत नाहीत. त्या इथे आहेत, कारण सगळे सपाट करून नव्याने बांधले. आणि नव्याने कसे बांधावे याचे पर्याय मांडणारे टिपण कुणी लिहिले? त्याच मानुएल दा मायांनी. एका हाताने जुने कागद उचलायचे आणि दुसऱ्या हाताने नवे गाव आखायचे, अशी त्यांची अठ्ठ्याहत्तरावी वर्षगाठ उलटली. होते तसे पुन्हा बांधावे, की गाव उचलून बेलेमला न्यावे, की पडलेले पूर्ण साफ करून रुंद रस्ते आखावेत, हे त्यांनी तोलून मांडले. निर्णय शेवटच्या बाजूने झाला. तो रेटून नेणारा माणूस म्हणजे राजाचा मंत्री, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेलेला कार्व्हाल्यो.

या घरांच्या भिंतींत लाकडाचा सांगाडा आहे. उभ्या-आडव्या तुळया आणि मध्ये फुलीसारखे तिरपे वासे. त्याला 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. जमीन हलली की दगड सुटतो, पण लाकूड लवते आणि भिंतीला धरून ठेवते. असा एक नमुना पटांगणात उभारून त्याच्याभोवती पलटणीला पाय आपटत कवायत करायला लावली आणि भिंत टिकते का ते पाहिले, असे सांगतात. खिडक्या, दारे, चौकटी एकाच मापाच्या, आधी तयार करून आणलेल्या. गल्ल्यांना नावे धंद्यांची दिली. सोनारांची, चांदीवाल्यांची, चांभारांची, खोगीर करणाऱ्यांची. आपल्या तांबट आळी, बुरूड आळीसारखेच, फरक एवढाच की आपल्याकडे आधी माणसे बसली आणि मग नाव पडले. इथे आधी नाव ठरले आणि मग माणसे बसवली.

या पोंबालची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्याने गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नांची यादी धाडली. धक्का किती वेळ होता, किती धक्के बसले, समुद्र आधी मागे हटला की आधी वर आला, जमिनीला भेगा पडल्या का, माणसे किती मेली. देव का कोपला, हा प्रश्न त्यात नव्हता. आलेली उत्तरे त्या दप्तरखान्यात अजून आहेत आणि आजचे भूकंपशास्त्रज्ञ ती वाचतात.

पण पोंबाल हा काही साधुसंत नव्हता. बायशाच्या दुसऱ्या टोकाला रोसिओ नावाचा चौक आहे. पांढऱ्या-काळ्या दगडांच्या फरसबंदीत लाटा काढलेल्या आहेत, इतक्या हुबेहूब की चालताना गरगरते. आज तिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्या जागी इन्क्विझिशनचा वाडा होता. भूकंप म्हणजे पापाची शिक्षा आहे, घरे कसली बांधता, प्रायश्चित्त घ्या, असे सांगत फिरणारा मालाग्रिदा नावाचा एक जेझुइट पाद्री होता. सत्तरी ओलांडलेला. १७६१ मध्ये याच चौकात त्याला गळा आवळून मारले आणि जाळले, तेही इन्क्विझिशनच्या हातून, आणि इन्क्विझिशनवर तेव्हा पोंबालचा भाऊ होता. भूकंपाचे कारण निसर्गात शोधा म्हणणाऱ्या माणसाने उलट बोलणाऱ्याचे असे केले. त्याच पोंबालच्या काळात १७७४ मध्ये गोव्यातले इन्क्विझिशन बंद झाले. तो सत्तेवरून गेल्यावर १७७८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि कायमचे मिटायला १८१२ उजाडले. एका माणसाच्या खात्यावर जमा आणि नावे दोन्हीकडे एवढे काही असते, की वर्गात 'चांगला की वाईट' असा प्रश्न आला की मी आताशा खडू फळ्याखाली ठेवून देत असे.

या चौकाच्या कोपऱ्यात सांतो दोमिंगोचे चर्च आहे. बाहेरून काही विशेष नाही. मी सावलीला म्हणून आत शिरलो आणि दारातच थबकलो. आतले खांब जळलेले आहेत. दगड तडकून त्याचे टवके उडालेले, भिंती लालसर काळ्या. १५०६ मध्ये याच चर्चमधून ज्यूंच्या कत्तलीला तोंड फुटले. बळजबरीने ख्रिस्ती झालेल्या हजारोंच्या जिवावर ते तीन दिवस उठले. त्याची आठवण म्हणून २००८ मध्ये बाहेर एक दगड बसवला आहे. १७५५ च्या भूकंपात चर्च पडले, पुन्हा बांधले. १९५९ मध्ये आतून जळून गेले. १९९४ मध्ये उघडले तेव्हा छत नवे घातले, पण जळक्या खांबांना गिलावा केला नाही. एक म्हातारी बाई त्या टवके उडालेल्या खांबाला टेकून जपमाळ ओढत होती. मी टोपी हातात घेऊन मागच्या बाकावर बसलो. कुणी घाई करायला नव्हते.

दुपारी एका बाकावर पाव, चीज आणि एक संत्रे असे जेवण उरकले आणि कार्मोच्या टेकडीवर चढलो. तिथले चर्च चौदाव्या शतकातले. भूकंपात त्याचे छत कोसळले, ते आजतागायत नाही. दोन्हीकडच्या उंच कमानी तेवढ्या उभ्या आहेत, एखाद्या मोठ्या माशाच्या बरगड्या असाव्यात तशा, आणि वर निळे आकाश. हे असे जपायचे म्हणून कुणी ठरवले होते, असे मात्र समजू नका. १७५६ मध्ये दुरुस्ती सुरू झाली होती, ती रेंगाळत रेंगाळत १८३४ पर्यंत चालली. त्या वर्षी सरकारने सगळे मठ बरखास्त केले आणि काम अर्धवट राहिले. मग लोकांना ते तसेच आवडू लागले. पडक्या वास्तूंचे वेड तेव्हा सगळ्या युरोपला लागले होते. आत आता पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे.

आणि श्रोतेहो, या चर्चसमोरच्या लहानशा चौकात आपण दोन शतके ओलांडून येतो. चर्चला लागून असलेल्या मठाच्या इमारतीत सशस्त्र पोलिसांची बराक आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालचा पंतप्रधान मार्सेलो काएतानो याच बराकीत दडून बसला होता. सालाझारने घालून दिलेली राजवट, चाळीस वर्षांच्या वर चाललेली. आफ्रिकेतल्या वसाहतींची युद्धे लढून थकलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी ती एका दिवसात उलथवली. आणि उठावाची खूण काय होती? रेडिओवर लागलेली गाणी! आदल्या रात्री अकराला पाच मिनिटे कमी असताना एक, मध्यरात्रीनंतर दुसरे. आकाशवाणीवरून बोलताना हे सांगायला मला विशेष आनंद होतो. साल्गेरो माया नावाचा तिशीही न गाठलेला कॅप्टन चिलखती गाड्या घेऊन या चौकात आला, माणसे झाडांवर चढून बसली, आणि संध्याकाळी काएतानोने सत्ता खाली ठेवली. शिपायांच्या बंदुकींच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची लाल फुले खोवली, ते फोटो आपण पाहिले असतील.

पाठ्यपुस्तकात गोवामुक्तीची तारीख १९ डिसेंबर १९६१ आहे, आणि ती बरोबर आहे. पण गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने कागदावर मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ ला. या चौकातल्या त्या दुपारीशिवाय तो कागद झाला नसता. मी त्या चौकातल्या झाडाखाली बसून होतो, शेजारी शाळा सुटलेली पोरे कारंज्याचे पाणी उडवत होती.

तिथून उतरताना शियादो लागतो, दुकानांचा भाग. एका कॉफीघराबाहेर कवी फेर्नांदो पेसोआचा ब्राँझचा पुतळा टेबलाशी बसलेला आहे. हा माणूस खालच्या बायशात व्यापारी पेढ्यांची परदेशी पत्रे लिहून पोट भरी आणि उरलेला वेळ याच रस्त्यांतून एकटा हिंडे. १९२५ च्या सुमारास त्याने परक्यांसाठी लिस्बनची वाटाडी पुस्तिका लिहून ठेवली होती, तीही इंग्रजीत. ती सापडून छापली १९९२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनी. शेजारच्या खुर्चीत बसून फोटो काढणाऱ्यांची रांग होती. मी पुढे गेलो. जरा पुढेच गुप्त पोलिसांची कचेरी होती. त्या २५ एप्रिलला आतून जमावावर गोळ्या सुटल्या आणि चार माणसे मेली. रक्त न सांडलेली क्रांती म्हणतात, ती एवढ्यापुरती खरी नाही.

काइस दो सोद्रे स्टेशनवरून नदीच्या काठाकाठाने लोकलगाडी जाते. तिने बेलेमला उतरलो. वास्को द गामा इथूनच निघाला. इथे सगळे पर्यटक असतात, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. जेरोनिमोसचा मठ पूर्वेकडच्या आणि आफ्रिकेच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून बांधला गेला. लोक त्याला मिरीचा कर म्हणत. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीचा त्या कमानींत वाटा आहे. दगडात कोरलेले दोरखंड, शिंपले, आणि राजांच्या थडग्यांना पाठीवर घेतलेले संगमरवरी हत्ती! दाराजवळ वास्को द गामाचे थडगे आहे. तो १५२४ मध्ये कोचीनला वारला. तिथे पुरला, मग पोर्तुगालमध्ये एका खेड्यात आणला, आणि एकोणिसाव्या शतकात इथे. मेल्यावरही माणसाचा प्रवास संपला नाही.

मला खरा पाहायचा होता तो गेंडा. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने अल्बुकर्कला भेट दिलेला एक गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजात चढवला आणि तो २० मे रोजी इथे उतरला. पोर्तुगीजही त्याला 'गांडा'च म्हणत, आपलाच शब्द. रोमनांनंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. राजाने तो पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने न पाहताच, ऐकीव वर्णन आणि एका रेखाटनावरून त्याचे चित्र काढले, ते जगप्रसिद्ध झाले. नदीतल्या बेलेमच्या बुरुजावर एका कोपऱ्याखाली त्याचे दगडी मुंडके आहे. वाऱ्यापाण्याने झिजून आता ओळखू येत नाही. मी अर्धा तास मान वर करून शोधत होतो. शेवटी एका मासे धरणाऱ्या आजोबांनी गळाच्या काठीने दाखवले.

तिथेच जवळ दर्यावर्दींचे उंच स्मारक आहे, ५२ मीटरचे. आधी १९४० मध्ये एका प्रदर्शनासाठी तात्पुरते केले, मग १९६० मध्ये सालाझारने पक्के बांधले. सगळ्यांची तोंडे समुद्राकडे. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा गेला.

संध्याकाळ व्हायला आली होती. हॉटेलवर परतायचे तर डावीकडची गाडी. मी उजवीकडच्या गाडीत बसलो. काही स्टेशने पुढे काशियस आहे. हे नाव मी शाळकरी वयात वर्तमानपत्रात वाचले होते. टेकडीवरच्या काशियसच्या किल्ल्यात राजकीय कैदी ठेवीत, आणि त्यात आपले मोहन रानडे होते. मूळचे सांगलीचे, नाव मनोहर आपटे. गोव्यात मराठी शाळेत मास्तर म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलिस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली, आणि १९६० मध्ये त्यांना इथे आणले. कितीतरी वर्षे एकांतकोठडी. वर्षभरात गोवा मुक्त झाला. पणजीवर तिरंगा लागला, निवडणुका झाल्या, आणि ज्याने त्यासाठी गोळी खाल्ली तो मास्तर आणखी सात वर्षे या टेकडीवर होता. दोन्ही देशांचे बोलणेच बंद होते. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती खटपट केली हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला. १९६९ च्या जानेवारीत ते सुटले. त्यांनी लिहिलेले 'सतीचे वाण' मी दहावीच्या मुलांना बक्षीस म्हणून देत असे. पाच वर्षांनी त्या एप्रिलमध्ये, क्रांतीच्या दुसऱ्या रात्री, याच तुरुंगाची दारे उघडून उरलेले कैदी सोडले. रानडे २०१९ मध्ये पुण्यात वारले.

मी टेकडीवर गेलो नाही. उजेड कमी झाला होता, आणि आता खरेच गुडघा बोलू लागला होता. स्टेशनच्या बाकावर बसलो. समोर नदी समुद्राला मिळते. मुखाशी पाण्यातच एक गोल किल्ला आहे, त्यावरचा दिवा लागला होता. गोव्याला जाणारे प्रत्येक जहाज त्याच तोंडातून बाहेर पडत असे. परतीच्या गाडीला वीस मिनिटे होती. फलाटावर मी आणि भाजीची पिशवी घेतलेली एक बाई, एवढेच होतो. पिशवीतून कोबीचा गड्डा डोकावत होता. बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, मीही हलवली, आणि आम्ही दोघे गाडीची वाट पाहत बसलो.